एएसीआरचा केमिस्ट ग्रुप कामाचा आहे का? रबाळे-महापेच्या लॅबवाल्यांसाठी रिव्ह्यू

आमच्या लॅबमधली मुलं सारखी विचारतात, ताई ती एएसीआरची मेंबरशिप घेऊ का, काही फायदा होतो का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी सिंथेसिसची, म्हणजे नवे रेणू बनवणारी केमिस्ट आहे, नोकरी नवी मुंबईच्या टीटीसी एमआयडीसीत, आणि मला या मेंबरशिपचा खरंच फायदा झालाय, पण नोकरी लावून देणारी संस्था म्हणून घेणार असाल तर आधी पूर्ण वाचा.

आधी थोडक्यात. एएसीआर म्हणजे अमेरिकन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्च, 1907 ची संस्था, ऑफिस फिलाडेल्फियाला. नावावरून डॉक्टर आणि बायोलॉजीवाल्यांची वाटते आणि बरीचशी आहेच, पण त्यात केमिस्ट लोकांचा वेगळा वर्किंग ग्रुप आहे, केमिस्ट्री इन कॅन्सर रिसर्च, शॉर्टमध्ये सीआयसीआर. मी रिव्ह्यू करतेय तो या ग्रुपचा.

आता हे आपल्याला का लागतं ते सांगते. आपल्या पट्ट्यात कॉन्ट्रॅक्ट रिसर्चमध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी कम्पाउंड बनवण्याच्या कामात, केमिस्टचं आयुष्य कसं असतं ते ठाऊक आहे ना, ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडायची, रबाळेला उतरून शेअर रिक्षा, हूडसमोर (विषारी वाफा ओढणाऱ्या कपाटासमोर) उभं राहायचं, टीएलसी मारून रिॲक्शन झाली का बघायचं, कॉलम लावून माल शुद्ध करायचा, रोटावर सुकवायचं, एलसीएमएस मशीनवर 95 टक्क्यांच्या वर प्युरिटी आली की वीस मिलिग्रॅम वायलमध्ये भरून क्लायंटला शिपमेंट. कम्पाउंडला नाव नाही, फक्त कोड. पुढे ते कुठल्या प्रोटीनवर गेलं, पेशी मेल्या की नाही, उंदराच्या रक्तात किती तास टिकलं, काही म्हणजे काही कळत नाही, पुढच्या महिन्यात फक्त नवी लिस्ट येते. असं चार-पाच वर्षं काढलं की हात तयार होतो पण हा मिथाइलचा छोटा गट इथेच का लावला असं कुणी विचारलं तर उत्तर नसतं, आणि इंटरव्ह्यूत नेमकं तेच विचारतात. गोपनीयतेचा करार असतो त्यामुळे कंपनी तरी काय सांगणार, ते मला मान्य आहे, पण मग ही गोष्ट दुसरीकडून शिकावी लागते.

सीआयसीआर मला इथे सगळ्यात जास्त कामाला आला. एएसीआरच्या वार्षिक अधिवेशनात, जे साधारण एप्रिलमध्ये अमेरिकेत असतं, न्यू ड्रग्ज ऑन द होरायझन नावाची सेशन्स असतात, त्यात कंपन्या आपल्या नव्या कॅन्सर औषधांची स्ट्रक्चर बऱ्याचदा पहिल्यांदा सगळ्यांसमोर उघड करतात आणि सुरुवातीच्या हिटपासून, म्हणजे प्रोटीनवर थोडाफार चालणाऱ्या पहिल्या रेणूपासून, तिथपर्यंत कसे आलो ते सांगतात. 2021 चं अधिवेशन कोरोनामुळे ऑनलाइन होतं, त्यात आर्विनास कंपनीने एआरव्ही-110 आणि एआरव्ही-471 ची स्ट्रक्चर दाखवली. हे प्रोटॅक, म्हणजे मॉलेक्यूलचं एक टोक नको असलेल्या प्रोटीनला धरतं, दुसरं टोक पेशीच्या कचरा काढणाऱ्या यंत्रणेतल्या सेरेब्लॉनला धरतं, आणि पेशी स्वतःच ते प्रोटीन तोडून टाकते. पहिला अँड्रोजेन रिसेप्टरसाठी, प्रोस्टेटच्या कॅन्सरला, दुसरा इस्ट्रोजेन रिसेप्टरसाठी, ब्रेस्ट कॅन्सरला. आपण एमएस्सीला लिपिन्स्कीचा नियम घोकलाय, मॉलेक्युलर वेट 500 च्या आत ठेवा नाहीतर पोटातून शोषलं जायची मारामार. आणि इथे एकाचं 812 आणि दुसऱ्याचं 724 च्या आसपास, तरी दोन्ही तोंडाने घ्यायची औषधं! मी स्ट्रक्चर वहीत काढून बघत बसले होते. आधीच्या प्रोटॅकमध्ये दोन टोकांमध्ये लांब लवचिक पीईजीची साखळी दिसायची, इथे तिच्या जागी पायपरिडीनची रिंग, मध्ये एक सीएच-टू, मग पायपरझीनची रिंग, म्हणजे दोन टोकं जोडणारा ताठ लिंकर. आणि पायपरिडीन-पायपरझीनवाले बिल्डिंग ब्लॉक तर आपण इथे किलोने बनवतो हो. त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की क्लायंटच्या लिस्टमध्ये या रिंगा इतक्या का असतात.

इमॅटिनिबचं पण तसंच. ब्लड कॅन्सरची ही गोळी 2001 ला अमेरिकेत मंजूर झाली, हे सगळ्यांना पाठ असतं, पण केमिस्टने बघायची गोष्ट ही की सुरुवातीचं मॉलेक्यूल पीकेसी नावाच्या दुसऱ्याच एन्झाइमवर पण चालायचं, मग मधल्या रिंगवर एक मिथाइल बसवला आणि पीकेसीवरचा परिणाम गेला, एबीएलवरचा, म्हणजे या कॅन्सरला कारण असलेल्या एन्झाइमवरचा, राहिला, आणि पाण्यात विरघळावं म्हणून शेवटाला एन-मिथाइल पायपरझीन जोडलं. एक मिथाइल, बास. असं बघायची सवय लागली की रोजच्या कामाची किंमत वाढते, आपण नुसते हात नाही हे कळतं.

आता करिअर. एएसीआरचा जॉब बोर्ड आहे, पण नोकऱ्या मुख्यतः अमेरिकेतल्या, इथे बसून त्यातलं फार काही हाती लागत नाही, विद्यापीठातल्या पोस्टडॉकसाठी मात्र बघण्यासारखा आहे. माझं मत असं की नोकरी ग्रुप देत नाही, ग्रुपमुळे तुम्ही बायोलॉजीवाल्याशी बोलण्यालायक होता आणि नोकरी त्यातून मिळते. ऐकून ऐकून हेही कळतं की केमिस्टला लागणारी कामं किती प्रकारची आहेत, मला आधी मेडिसिनल केमिस्ट्री आणि प्रोसेस एवढंच माहीत होतं. अँटिबॉडीला विषारी औषध जोडतात ते एडीसी घ्या, त्यात लिंकर-पेलोडची, म्हणजे जोडणारा दुवा आणि त्यावरचं विषारी औषध यांची, केमिस्ट्री सगळी आपली आहे, टी-डीएम1 या एडीसीमध्ये एका अँटिबॉडीवर औषधाचे सरासरी साडेतीन रेणू असायचे आणि नंतरच्या टी-डीएक्सडीमध्ये आठच्या आसपास बसवले, ते जमलं कसं हा शुद्ध केमिस्टचा प्रश्न आहे. हे काम अतिविषारी मालाचं, आयसोलेटर नावाच्या बंद पेटीत करायचं, ज्याला ते हाताळायचा अनुभव आहे त्याला मागणी आहे. मुलांनो, संधी मिळाली तर घाबरून सोडू नका, फक्त सेफ्टी नीट आहे का ते आधी डोळ्यांनी बघा.

ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासवाल्याने आमच्यातल्या एका मुलीकडून ऑन्कॉलॉजी केमिस्ट सर्टिफिकेटचे चाळीस हजार घेतले आणि दिलं काय तर कॉलेजच्या पुस्तकातल्या स्लाइड. माझा अजून जीव जळतो त्यावर. कृपा करून असल्या ठिकाणी पैसे घालू नका.

त्यापेक्षा आपल्या दारात काय आहे ते बघा ना. खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे, तिथे पीएचडी होते, होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची डिग्री मिळते, जेआरएफच्या (संशोधन फेलोशिपच्या) जाहिरातीवर लक्ष ठेवा. वाशीला ब्रिट आहे, अणुऊर्जा विभागाचं, रुग्णांना लागणारी रेडिओफार्मास्युटिकल्स, म्हणजे किरणोत्सारी औषधं, पुरवणारं. ल्युटेशियम-177 चं अर्धआयुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, साडेसहा दिवसांच्या थोडं वर, टेक्नेशियम-99एम चं फक्त सहा तास, म्हणजे रिॲक्शन, शुद्धीकरण, टेस्टिंग, हॉस्पिटलपर्यंत पोचवणं सगळं घड्याळ लावून. रेडिओकेमिस्ट्रीकडे आपली मुलं बघतच नाहीत, हे मला फार खुपतं. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरवरचं ल्युटेशियमचं औषध अमेरिकेत 2018 ला मंजूर झालं, प्रोस्टेटवरचं 2022 ला, म्हणजे हे क्षेत्र वाढतंय आणि माणसं लागणार आहेत.

त्रासाच्या गोष्टी पण सांगते. अधिवेशन अमेरिकेत, व्हिसा, विमान, राहणं, आपल्या पगारात स्वतःच्या खर्चाने जमण्यातलं नाही. ऑनलाइन कार्यक्रम त्यांच्या फिलाडेल्फियाच्या दुपारी बाराला ठेवला तर आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, दिवसभर हूडसमोर उभं राहिल्यावर डोळे उघडे ठेवायचे म्हणजे कठीण. आणि सुरुवातीला बायोलॉजीचा मारा इतका होतो की सोडून द्यावंसं वाटतं. तेव्हा एक करा, एकच टार्गेट, म्हणजे औषधाने गाठायचं प्रोटीन, धरा. मी केआरएएस धरलं होतं, 1982 ला माणसाच्या ट्यूमरमध्ये सापडलेलं हे जनुक, त्याच्या प्रोटीनवर औषध बसतच नाही असं वर्षानुवर्षं म्हणायचे, मग 2013 ला केमिस्ट केव्हन शोकाट यांच्या लॅबने जी12सी म्युटेशनमुळे आलेल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटणारे रेणू आणि शेजारचा खळगा दाखवला आणि मे 2021 ला सोटोरासिब हे त्यावरचं औषध आलं. एवढी एक गोष्ट नीट वाचलीत तरी पुढचं ऐकताना अडत नाही.

मेंबरशिपसाठी विद्यार्थी आणि पोस्टडॉक यांची कॅटेगरी वेगळी आहे, नोकरीवाल्यांची वेगळी, आणि भारतासारख्या देशांना फीत सवलत असते, त्यामुळे डॉलरचा आकडा बघून लगेच मागे फिरू नका, आधी आपला दर बघा. आणि मेंबर झालात की सीआयसीआरमध्ये नाव वेगळं द्यायला विसरू नका, आमच्याकडच्या एकाचं ते राहून गेलं आणि वर्षभर त्याला केमिस्टांचा एकही मेल आला नाही.