जाहिरातमुक्त प्लॅन, जाहिरातयुक्त मालिका: बरेच महिने के-ड्रामा बघितल्यावर

जाहिराती नकोत म्हणून महिन्याला जास्तीचे पैसे मोजायचे, आणि मग तेराव्या भागात नायिकेची मावशी मसाज खुर्चीत बसून तिची सगळी बटणं एकेक करून दाबून दाखवणार. कोरियन मालिकांबद्दलची माझी तक्रार इथून सुरू होते आणि खरं सांगायचं तर बरीचशी इथंच संपते. कथा, अभिनय, गाणी, कपडे, पावसातल्या छत्र्या यांवर लोकांनी भरभरून लिहिलंय. मला बोलायचंय ते पीपीएलबद्दल. तिकडे निर्मात्यांपासून प्रेक्षकांपर्यंत सगळे हाच शब्द वापरतात. अर्थ एवढाच की पैसे घेऊन मालिकेच्या आत माल दाखवायचा.

आपल्याकडेही मालिकेतली सून अचानक मसाल्याचं पाकीट कॅमेऱ्याकडे तोंड करून धरते, तेव्हा यात नवल काय, असं कुणी म्हणेल. फरक असा की आपल्या रोजच्या मालिकेत मुळात घट्टपणाच नसतो, त्यामुळे पाकीट आलं काय नि गेलं काय. कोरियन मालिका सोळा भागांत बांधलेली असते. प्रत्येक प्रसंगाला पुढे काहीतरी काम असतं. तिथे बिनकामाची दोन मिनिटं लगेच दातात अडकतात.

दक्षिण कोरियात प्रसारणात पीपीएलला रीतसर परवानगी मिळाली २०१० साली. अटीही घातल्या. मालाचं चिन्ह पडद्याच्या एक चतुर्थांशापेक्षा मोठं दिसता कामा नये. पात्रांनी ब्रँडचं नाव घेऊन ‘हे घ्या’ असं सांगता कामा नये. कार्यक्रमात अशी जाहिरात आहे, ही सूचना सुरुवातीला दाखवायला हवी. मोठ्या वाहिन्यांसाठी वेळेची मर्यादा सुरुवातीला पाच टक्के होती, पुढे ती सैल झाली. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण सत्तर मिनिटांच्या भागात ते साडेतीन मिनिटं होतात आणि सोळा भागांत छप्पन्न. मर्यादा पुरेपूर वापरली, तर जवळजवळ एक आख्खा भाग खुर्च्या, कॉफी आणि क्रीममध्ये गेला.

गंमत म्हणजे त्या अटींमुळेच हे प्रसंग इतके अवघडलेले होतात. नाव घ्यायचं नाही, पण वस्तूचे गुण तर दिसले पाहिजेत. मग पात्र म्हणतं, ‘अरे वा, हल्ली त्वचा छान दिसतेय तुझी!’ दुसरं पात्र पर्समधून बामची कांडी काढतं, गालावर फिरवतं, टोपण लावतं आणि ठेवून देतं. कांडीवरचं नाव कॅमेऱ्याच्या बाजूला. एवढं झालं की दोघी मूळ विषयाकडे वळतात, आणि तो विषय बहुतेक वेळा कुणाचा तरी मृत्यू किंवा घटस्फोट असतो.

ओळखायची खूण सोपी आहे. ज्यांनी पैसे दिलेले नाहीत त्यांची नावं झाकायची पद्धत आहे: लॅपटॉपच्या झाकणावर स्टिकर, टोपीवर काळी पट्टी, दुकानाच्या पाटीतलं एखादं अक्षर बदललेलं. म्हणून जिथे नाव लख्ख आणि पूर्ण दिसतंय, तिथे बहुतेक पैसे पोहोचलेत. दुसरी खूण हातांची. माणूस कप धरतो तेव्हा बोटांनी चिन्ह झाकलं जातं. पीपीएलच्या कपावर कधीच झाकलं जात नाही. तिसरी आणि सगळ्यात कामाची खूण म्हणजे पहिल्या भागाची श्रेयनामावली. शेवटी निर्मितीला साहाय्य करणाऱ्या कंपन्यांची चिन्हं ओळीने येतात. ॲप पुढच्या भागाकडे ढकलत असतं, तेव्हा श्रेयनामावली पाहण्याचं बटण दाबायचं आणि यादीवर एक नजर टाकायची. चिकनची साखळी, कॉफीची साखळी, आरोग्यपेय आणि फर्निचर असे चौघे एकत्र दिसले, की पुढचं ताट कसं वाढलंय ते कळलं.

माल कुठे येणार, याचाही अंदाज बांधता येतो. पहिल्या चार भागांत कमी, कारण तिथे प्रेक्षक पकडायचा असतो. गर्दी होते ती नवव्या ते चौदाव्या भागांच्या पट्ट्यात. त्याचं कारण कामाच्या पद्धतीत आहे. प्रसारण सुरू असतानाच पुढचे भाग लिहायचे आणि चित्रित करायचे, ही तिथली बरीच वर्षं चाललेली रीत. मालिका चालतेय असं दिसलं की उशिरा आलेल्या प्रायोजकालाही जागा करून देता येते. ती जागा मुख्य जोडीच्या कथेत नसते, कारण ती कथा आधीच घट्ट असते. म्हणून भार पडतो दुसऱ्या जोडीवर, नायकाच्या आईवर, ऑफिसमधल्या विनोदी सहकाऱ्यावर.

‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ (२०१६) हे याचं ठळक उदाहरण. युद्धग्रस्त देशातले सैनिक आणि डॉक्टर, भूकंप, साथ, सगळा जीवनमरणाचा मामला. ती तर प्रसारणाआधीच पूर्ण तयार झालेली मालिका, म्हणजे घाईगर्दीची सबबही नाही. तरी सगळे मायदेशी परतले आणि वस्तूंचं प्रदर्शन सुरू झालं. सार्जंट सो गाडी चालवतोय, शेजारी त्याची प्रेयसी. तो एक बटण दाबतो, गाडी स्वतःच चालायला लागते, आणि चालत्या रस्त्यावर चुंबन. कोरियातही या प्रसंगाची यथेच्छ थट्टा झाली. पाहा, इथेही गाडी दुसऱ्या जोडीच्याच गळ्यात. नायकाच्या वाट्याला आली लाल जिनसेंग या औषधी मुळीची पुडी: कोपरा फाडायचा, तोंडाला लावायची, चोखायची. ती पुडी नंतर इतक्या मालिकांत दिसते की तिथल्या फौजेला ती शिध्यात मिळते की काय, अशी शंका यावी.

जुना काळ घेतला तर सुटका होईल, असं वाटतं. होत नाही. ‘मिस्टर सनशाइन’ (२०१८, चोवीस भाग) विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच्या कोरियात घडते. जपानी आक्रमण दाराशी आलंय, माणसं देशासाठी मरतायत, आणि बाजारात एक फ्रेंच बेकरी झोकात चाललीय. ती आजच्या एका बेकरी साखळीची सोय होती. तरी बरं, नायिकेचा गोडाचा सोस पात्रातच मुरवलाय, त्यामुळे खुपतं कमी.

इथून माझं मत थोडं सरकलं, आणि ते सरकवलं ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ने. तिच्यातही माल ठासून भरलाय. पण उत्तर कोरियाचे चार-पाच सैनिक सोलमध्ये येऊन चिकनच्या दुकानात बसतात, तो प्रसंग बघा. दुकान खऱ्या साखळीचं, नाव स्वच्छ दिसतंय, तरी राग येत नाही. कारण त्या माणसांनी ही सुबत्ता कधी पाहिलेलीच नाही. त्यांचे विस्फारलेले डोळे, आणि त्यांच्यातल्या प्यो ची-सूचं ‘यात काय एवढं’ असा आव आणत खाणं हीच तिथे कथा आहे. चिकन काढून घेतलं तर प्रसंगच उरत नाही. मसाज खुर्ची काढली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. ‘गॉब्लिन’मध्ये (२०१६-१७) सनी चिकनचं दुकानच चालवते, नायिका तिथे कामाला लागते, आणि अर्ध्या गाठीभेटी तिथेच होतात. पात्राचं पोट त्या मालावर चालत असेल, तर हरकत घ्यायला जागा नाही.

‘रिप्लाय १९८८’ने हेच आणखी हुशारीने केलं. चॉकलेटं, नूडल्स, पेयं सगळं जुन्या वेष्टनात. प्रायोजकाचा माल आणि काळाचं नेपथ्य एकाच खर्चात. काटकसर म्हणतात ती ही!

पैशाचं गणितही लक्षात घ्यायला हवं. जुलै २०२१ पर्यंत कोरियातल्या मोठ्या सार्वत्रिक (केबलशिवाय दिसणाऱ्या) वाहिन्यांना भागाच्या मध्ये जाहिरात दाखवायची मुभाच नव्हती. केबल वाहिन्यांना होती. मग २०१७ पासून या वाहिन्यांनी सत्तर मिनिटांच्या भागाचे पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन तुकडे केले, त्यांना वेगळे क्रमांक दिले आणि मधल्या फटीत जाहिरात बसवली. म्हणजे मधल्या जाहिरातीचं दार बंद म्हणून पीपीएलच्या खिडकीतून माल आत आला. हे कळल्यावर राग थोडा उतरतो. पूर्ण नाही, कारण २०२१ नंतर दार उघडलं तरी खिडकी काही कुणी बंद केली नाही.

शेजाऱ्यांकडे बघितल्यावर तर कोरियन लोक सभ्य वाटायला लागतात. चिनी पोशाखी मालिकांत भागाच्या मध्येच त्याच वेशातली, त्याच महालातली दुय्यम पात्रं एखाद्या ॲपची जाहिरात करायला उभी राहतात. दरबारी हुजऱ्या मोबाइलवरच्या ऑफर सांगतो आणि पुन्हा कटकारस्थानात शिरतो. शिवाय पैसे काढायच्या तिथल्या युक्त्या वेगळ्याच. २०१९ च्या ‘जॉय ऑफ लाइफ’च्या वेळी सभासदत्वाचे पैसे आधीच भरलेल्यांकडून पुढचे भाग आधी बघण्यासाठी आणखी पन्नास युआन मागितले गेले. प्रकरण कोर्टात गेलं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या तिन्ही मोठ्या प्लॅटफॉर्मनी ही पद्धत बंद केली. लांबीलाही लगाम घालावा लागला. २०१८ ची ‘स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस’ सत्तर भागांची होती, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारने मालिका चाळीस भागांच्या आत आवरा असं सांगितलं.

जपान्यांचा हिशोब मला सगळ्यात पटतो. तीन महिन्यांचा हंगाम, दहा-अकरा भाग, सुरुवातीला प्रायोजकांची नावं सरळ वाचून दाखवायची आणि जाहिराती जाहिरातींच्या जागी. २०१३ ची ‘हानझावा नाओकी’ दहा भागांत आटोपली, आणि शेवटच्या भागाला टोकियो परिसरात ४२.२ टक्के रेटिंग मिळालं. ‘कोदोकु नो गुरुमे’ तर प्रत्येक भागात खऱ्याखुऱ्या खानावळीत जाते. एक मध्यमवयीन विक्रेता काम आटोपतो, त्याला भूक लागते, तो एकटा जेवतो, बस. शेवटी मूळ कॉमिकचा लेखक स्वतः त्याच खानावळीत जाऊन बसतो. तांत्रिकदृष्ट्या ही वीस-पंचवीस मिनिटांची जाहिरातच म्हणायची. पण भूक हाच विषय असल्यामुळे एक घासही उपरा वाटत नाही.

प्रायोजकाच्या हातात किती ताकद असते, ते मार्च २०२१ मध्ये दिसलं. ‘व्हिन्सेंझो’च्या आठव्या भागात वकीलबाई नायकाला बिबिम्बाप या कोरियन भाताचा तयार डबा देतात. डबा निघाला चिनी कंपनीचा. आमचा पदार्थ आणि चिनी डब्यात, म्हणून प्रेक्षक खवळले आणि पुढे तो प्रसंग कापावा लागला. त्याच महिन्यात ‘जोसन एक्सॉर्सिस्ट’ या ऐतिहासिक मालिकेत चिनी धाटणीचे पदार्थ आणि सामान दिसलं. लोकांच्या संतापापुढे जाहिरातदारांनी पाठोपाठ काढता पाय घेतला, आणि मालिका दोन भागांतच गुंडाळली गेली.

आता पैसे वसूल कसे करायचे ते. मालिका चालू असताना सबस्क्रिप्शन घेऊ नका. संपली की एका महिन्याचं घ्या. सोळा भाग गुणिले सत्तर मिनिटं म्हणजे पावणेएकोणीस तास, सव्वापट वेगाने पंधरा. महिन्यात दोन मालिका आरामात होतात. वेग दीडपट करू नका, सबटायटल वाचताना चेहरे निसटतात, आणि चेहऱ्यांसाठीच तर बघायचं. सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा. भाग संपल्यावर झोपायचा बेत असेल तर तो विसरा, कारण शेवट मुद्दाम कड्यावर लटकवलेला असतो. आठवड्याला दोन भाग दाखवायची पद्धत असल्यामुळे सम क्रमांकाच्या भागाचा शेवट जास्तच छळतो, पुढचे पाच दिवस प्रेक्षक टिकवायचा असतो ना! त्यापेक्षा पुढचा भाग सुरू करा, दहा-बारा मिनिटांत गाठ सुटते, तिथे थांबा. त्या जागी कुठलाच ताण नसतो.

नवव्या भागापासून दुसरी जोडी कॉफीच्या दुकानात शिरली की दहा सेकंद पुढे जायचं बटण चार वेळा दाबा. कथेचं काही बुडत नाही. एक अपवाद: दुकानात शिरताना पात्र रडत असेल तर दाबू नका, त्या प्रसंगात पुढचा धागा असतो. अजिबातच सहन होत नसेल, तर प्लॅटफॉर्मने स्वतःच्या पैशाने केलेल्या मालिका निवडा. ‘किंगडम’ (पहिला सीझन सहा भाग), ‘स्क्विड गेम’ (पहिला नऊ) यांत हा जाच जवळजवळ नाही. पण त्यांत ती आठवड्याच्या मालिकेची ऊब, शेजारपाजार, लांबलेली जेवणं हेही कमी. ‘माय मिस्टर’ ही मधली वाट. वाहिनीवरची आहे, सोळा भागांची आहे, आणि तिच्यातल्या दारूच्या अड्ड्यावर कुणीही कुणाला बाम लावत नाही.

आणि २०१७ ते २०२१ मधली एखादी मालिका उघडल्यावर बत्तीस किंवा चाळीस भाग दिसले तर घाबरू नका. ते पस्तीस मिनिटांचे तुकडे आहेत, निम्मे करून मोजा. विषम क्रमांकाच्या तुकड्याचा शेवट खोटा असतो, फक्त जाहिरातीसाठी घेतलेला दचका. तिथे थांबू नका, सम तुकडा लगेच लावा.