सेकंडहँड स्ट्रॅट कॉपी घ्यावी का? नेक सरळ असेल तर नक्की

सोलापुरात वापरलेली इलेक्ट्रिक गिटार शोधायला लागलं की फिरून फिरून एकच वस्तू समोर येते: स्ट्रॅट, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची, तीन सिंगल कॉइल पिकअपवाली (तारांचं कंपन टिपणारी, एकेक गुंडाळीची चुंबकं), चिनी किंवा इंडोनेशियन बनावटीची स्वस्त कॉपी. कॉलेज संपवून गाव सोडणारी पोरं ती विकून टाकतात, नाहीतर कुणाच्या तरी माळ्यावर वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली असते. तारा गंजलेल्या, नॉब गायब, जॅक ढिला, अंगावर स्टिकरचे डाग. तरीही घरी नीट करायला शिकायचं असेल तर याहून चांगली गिटार नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण तिच्या घाटातच आहे. फेंडरने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आणली, तीच मुळी चार स्क्रूंवर बसवलेली नेक (बोटं फिरतात तो लांब दांडा) आणि पिकगार्डवर (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर) जुळवलेलं वायरिंग घेऊन. स्क्रूड्रायव्हरने पूर्ण सुटते, पूर्ण जुळते. नेक चिकटवलेल्या गिटारीत ही सोय नाही.

पैशाचा हिशेब आधी करा. गिटार आणि लागणारे भाग मिळून तशाच नव्या गिटारीच्या दोन तृतीयांश किमतीपुढे जात असतील तर सौदा सोडा.

घेताना रंग बघू नका, नेक बघा. गिटार आडवी धरून बॉडीकडून हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या टोकाकडे) एका डोळ्याने पाहा. नेकला किंचित बाक असेल तर तो ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, नटने आवळायच्या धातूच्या सळईने) निघतो. पीळ असेल, म्हणजे जाड तारेच्या बाजूची कड एकीकडे आणि बारीक तारेच्या बाजूची दुसरीकडे जात असेल, तर ती गिटार फुकट मिळाली तरी नको. ट्रस रॉडचा नट फिरतो का ते विकणाऱ्यासमोरच तपासा. या गिटारींना बहुतेक ४ किंवा ५ मिमीची ॲलन की लागते. नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असून नेक तरीही बाकलेली दिसली, तर रॉडमध्ये आता काही उरलेलं नाही.

मग फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली खाचा दिसतीलच. खाच फ्रेटच्या निम्म्या उंचीच्या आत असेल तर घासून निघते. त्याहून खोल असेल तर रीफ्रेट करावं, म्हणजे फ्रेट बदलावे लागतात, आणि ते घरचं काम नव्हे.

पिकअप जिवंत आहेत का हे पाहायला ॲम्पची गरज नाही. गिटारला लीड (ॲम्पला जोडायची केबल) लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि लीडच्या मोकळ्या टोकाच्या टिप (पिनचं टोक) आणि स्लीव्हवर (मागचा धातूचा भाग) मल्टीमीटर धरा. पिकअप निवडायचा स्विच १, ३ आणि ५ वर असताना साधारण ५ ते ७ किलोओहम दिसलं पाहिजे. २ आणि ४ वर दोन पिकअप समांतर जोडले जातात, म्हणून आकडा जवळपास निम्मा येतो. तो दोष नाही. कुठे अचानक २५० किलोओहमच्या आसपास आकडा आला तर ती पिकअपची कॉइल तुटलेली आहे आणि मीटर फक्त व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा फिरता रोधक) मोजतोय. शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. दोन मिनिटांची ही तपासणी पुढचे बरेच पैसे वाचवते.

घरी आणल्यावर टेबलावर जाड टर्किश टॉवेल दुहेरी अंथरा (आपल्या गावात त्याची कमी नाही) आणि उघडण्याआधी वायरिंगचे जवळून फोटो काढा. स्टिकरचा चिकटा लायटर फ्लुइडने निघतो. आधी नेकच्या खोबणीत, न दिसणाऱ्या जागी लावून बघा. थिनर वापरू नका, पिकगार्ड आणि नॉबचं प्लास्टिक विरघळतं. गंजलेल्या सॅडल स्क्रूंना (ब्रिजवर प्रत्येक तार जिच्यावर टेकते ती सॅडल) डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवा, मगच १.५ मिमीची की लावा. घाईत भोकाचे कोपरे गेले तर तो स्क्रू ड्रिल करूनच काढावा लागतो.

आता सोलापूरच्या हवेचा खास त्रास. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि हवा अगदी कोरडी असते. फिंगरबोर्डचं (नेकवरच्या, फ्रेट बसवलेल्या पट्टीचं) लाकूड रुंदीत आकसतं, धातूचा फ्रेट तेवढाच राहतो, आणि फ्रेटची टोकं कडेबाहेर येऊन बोटाला कापतात. बरेच जण याला फ्रेट सैल झाले समजतात. तसं नसतं. बोर्ड शिसवीचा किंवा ऐनाचा असेल तर (अलीकडच्या स्वस्त गिटारींवर ‘इंडियन लॉरेल’ म्हणून येतो तो ऐनच) आधी गिटारसाठीचं लेमन ऑइल हलक्या हाताने लावा, दहा मिनिटांनी पुसा, आणि दोन-तीन दिवस थांबा. खोबरेल तेल अजिबात नको. ते आत राहून कुबट होतं आणि धूळ धरतं. वरून लॅकर मारलेल्या मेपल बोर्डाला कोणतंच तेल लागत नाही. त्यानंतरही टोकं टोचत असतील तर बारीक सपाट कानस बोर्डाच्या कडेला समांतर धरून फक्त धातू घासा, शेवटी ४५ अंशांत एक हलका हात. कानस नेकच्या लांबीच्या दिशेने चालवा. वर-खाली घासलं तर फ्रेट उचकटतो आणि कडेच्या लॅकरचा टवका निघतो.

फ्रेट लेव्हल करायला, म्हणजे सगळे एका उंचीला आणायला, महागडी बीम (घासायची सरळ धातूची पट्टी) लागत नाही. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडून ३०-४० सेंमीचा सरळ बॉक्स सेक्शन घ्या, जाड काचेवर ठेवून तो हलत नाही ना ते बघा, आणि त्याला दुहेरी टेपने ३२० नंबरचा वॉटर पेपर लावा. तारा काढा, ट्रस रॉडने नेक पूर्ण सरळ करा, बोर्डाला मास्किंग टेप लावा आणि प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करने रेघ ओढा. आता दाब न देता, बीमच्या वजनानेच घासा. प्रत्येक फ्रेटवरची शाई थोडी तरी गेली की थांबा. इथे हाव महागात पडते, कारण काढलेला धातू परत येत नाही. घासून फ्रेटचा माथा सपाट झालेला असतो. तसाच ठेवला तर तार नेमक्या रेषेवर टेकत नाही आणि सूर किंचित चढा लागतो. म्हणून क्राउनिंग फाइलने कडा गोल करून मधे केसाएवढी शाईची रेघ शिल्लक ठेवायची. मग ४००, ६००, १०००, २००० असे वॉटर पेपर क्रमाने. शेवटचा हात ०००० स्टील वूलचा द्यायचा असेल तर नेक सोडवून दुसऱ्या खोलीत द्या. त्याचा लोखंडी चुरा पिकअपच्या चुंबकाला एकदा चिकटला की काढता काढता नाकीनऊ येतात.

नट (ट्रस रॉडचा नव्हे, तर हेडस्टॉकजवळची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) बदलणं हा सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक पाडणारा बदल. मूळचा नट पोकळ प्लास्टिकचा असतो, तार त्यात अडकते आणि बेंड केल्यावर (बोटाने बाजूला ताणल्यावर) सूर उतरतो. दोष मात्र बिचाऱ्या ट्यूनिंग कीजना दिला जातो. म्हणून नवा कीजचा सेट घेण्याआधी हाडाचा नट बसवून बघा. जुना नट काढण्याआधी त्याच्या कडेने कटरची रेघ मारा, नाहीतर लॅकरचा पापुद्रा सोबत येतो. नवा बसवताना फेव्हिकॉलचे दोन थेंब पुरेत. फेव्हिक्विकने चिकटवलात तर पुढच्या वेळी लाकूड घेऊनच निघेल. खाचा करायला खास फाइल नसतील तर गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या सुयांचा सेट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. काम हळू होतं, पण खाच गोल आणि स्वच्छ येते. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा: पहिल्या फ्रेटवर साध्या झेरॉक्स कागदाएवढी, सुमारे ०.१ मिमीची फट राहिली पाहिजे. खाच जास्त खोल गेलीच तर खायचा सोडा भरून वर फेव्हिक्विकचा एक थेंब टाका. क्षणात दगड होतो, पुन्हा खाच करता येते. वाफ नाकात जाऊ देऊ नका.

वायरिंगमध्ये बिघडतं ते बहुधा जॅक, स्विच आणि पॉट, याच क्रमाने. खरखरणाऱ्या पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा फिरवा; निम्मे तिथेच बरे होतात. बदलायचेच असतील तर सिंगल कॉइलला २५० के, हंबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) ५०० के (किलोओहम). गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात २२० के मिळाला तर खुशाल घ्या, फरक ऐकू येणार नाही. पण त्यावर ‘ए’ छापलंय की ‘बी’ ते बघा. ‘बी’ म्हणजे लिनिअर, एकसारखा बदलणारा. व्हॉल्यूमला तो लावला तर १० पासून ३ पर्यंत फारसं काही होत नाही आणि मग आवाज एकदम पडतो. टोनच्या कपॅसिटरवर ‘२२३’ असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरॅड, ‘४७३’ असेल तर ०.०४७, दुसऱ्याने टोन जास्त गडद होतो. आणखी एक अडचण: कॉपीच्या पिकगार्डला बहुधा छोट्या पॉटसाठीचं ७-८ मिमीचं भोक असतं आणि मोठा पॉट ९.५ मिमी मागतो. ड्रिलने प्लास्टिक तडकतं, गोल कानसीने वाढवा.

तारा जोडायला २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरते, पॉटच्या पाठीला मात्र ४० ते ६० वॉट हवेत. कमी वॉटची आयर्न धरून बसलात तर सोल्डर वितळेपर्यंत आतला कार्बनचा पट्टा भाजतो. पाठ आधी वॉटर पेपरने खरवडा. ६०/४० ची रेझिनवाली तार वापरा. पत्र्याच्या कामाचं ॲसिड नको.

गुणगुण हा सगळ्यांचा प्रश्न, आणि इथे तर घराला लागून यंत्रमाग किंवा पिठाची गिरणी असली की तो दुप्पट. पिकगार्डखालच्या खोबणीला आतून तांब्याची टेप लावा, तुकडे एकमेकांवर चढवा, आणि कुठल्याही दोन टोकांत मीटर १ ओहमच्या आत दाखवतोय ना ते बघा. जॅकच्या टिपची पट्टी टेपला टेकली तर आवाजच बंद होईल, तिथे इन्सुलेशन टेप लावा. टेपने स्विच आणि ट्यूबलाइटची खरखर कमी होते. ५० हर्ट्झची चुंबकीय घूं मात्र सिंगल कॉइलमध्ये राहतेच. मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट चुंबकाचा असेल तर स्विच २ आणि ४ वर असताना ती नाहीशी होते, इतर ठिकाणी नाही. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे असं समजा. आणि ॲम्पच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्याच. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळे ही गोष्ट थेट जिवाशी संबंधित आहे.

ऑनलाइन मिळणारे तयार वायरिंगसकट पिकगार्ड घ्यावेत का? दोन किंवा तीन पिकअप मेलेले असतील तरच. स्वस्त सेटमध्ये खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते, म्हणजे तुमच्याकडे आधी होतं तेच पुन्हा येतं; अल्निको ५ (चुंबकाचा एक मिश्रधातू) लिहिलेलं असेल तर विचार करा. शिवाय पिकगार्डची ११ भोकं फेंडरच्या मापाची असतात आणि कॉपीची बॉडी ते माप पाळतेच असं नाही. जुनी भोकं काडी आणि फेव्हिकॉलने बुजवून, एक दिवस वाळवून नवी पाडावी लागतात. ब्रिजचंही तेच. कित्येक स्वस्त बॉडी ४० मिमीच्या आसपास पातळ असतात आणि ब्रिजखालचा पूर्ण लांबीचा पितळी ब्लॉक मागून बाहेर डोकावतो. ऑर्डरआधी बॉडीची जाडी आणि पहिल्या-सहाव्या तारेतलं अंतर मोजा. आशियाई ब्रिजवर ते बहुधा ५२.५ मिमी असतं.

रंग हा भाग आम्ही मुद्दाम मागे ठेवलाय. मूळचा जाड पॉलिएस्टर थर काढत बसू नका. ३२०-४०० ने खरवडून त्यावरच मारा. फर्निचरसाठीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर घरी चालतो, पण हवेचं भान ठेवा: मेच्या उन्हात थिनर हवेतच उडतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, पावसाळ्यात ओलाव्याने पांढरट झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळची वेळ उत्तम. पातळ थर द्या, तीन-चार आठवडे वाळू द्या, मग १०००, १५००, २००० वॉटर पेपर पाण्यासोबत आणि शेवटी रबिंग कंपाउंड. हार्डनरवाला २के ऑटो पेंट घरी मारू नका. त्यातल्या आयसोसायनेटपुढे साधा मास्क काहीच कामाचा नाही. बॉडी मोकळी करून चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे द्या. नेकची खोबण टेपने झाकायला सांगा, नाहीतर रंगाच्या थराने नेक बसत नाही आणि दाबून बसवली तर खोबणीची कड तडकते.

सगळं जुळवल्यावर १०-४६ चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) तारांचा सेट लावा, हजाराच्या आत मिळतो. ट्रेमोलो (ब्रिज हलवून सूर लहरवायचा दांडा) वापरणार नसाल तर मागे पाचही स्प्रिंग लावून क्लॉ (स्प्रिंग अडकवायची पट्टी) आवळा, ब्रिज बॉडीला टेकवून टाका. सूर टिकण्यात मोठा फरक पडतो. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटचा फ्रेट दाबा, सातव्या-आठव्यावर तारेखाली ०.२५ मिमी फट हवी. ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच. मग सतराव्या फ्रेटवर तारांची उंची १.६ मिमी. शेवटचा फ्रेट दाबून पिकअप जाड तारेखाली २ मिमी, बारीक तारेखाली १.६ मिमी, त्याहून जवळ नेलात तर चुंबक तार ओढतं आणि वरच्या फ्रेटवर एकाच स्वरात दोन सूर लहरतात. इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) सगळ्यात शेवटी: बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की नेकची फट पुन्हा एकदा मोजा. उन्हाळ्यात लावलेलं माप तेव्हा हललेलं असतं.