नाकाचा शेंडा की भुवयांची बेचकी?

रोज वीस-पंचवीस मिनिटं मांडी घालून बसायची सवय लागली, श्वासही बऱ्यापैकी ताळ्यावर आला, की पुढची अडचण डोळ्यांची. मिटले तर डुलकी लागते, नाहीतर कालच्या मीटिंगची उजळणी सुरू होते. सताड उघडे ठेवले तर कोपऱ्यातलं जळमट दिसतं. मग योगवर्गात ‘दृष्टी’ हा शब्द कानावर पडतो. मीठमोहऱ्यांनी काढतात ती दृष्ट वेगळी. इथे दृष्टी म्हणजे नजर टेकवायची ठरलेली जागा. म्हैसूरकडच्या अष्टांग विन्यास परंपरेत अशा नऊ जागा सांगतात: हाताचं टोक, अंगठा, बेंबी वगैरे. पण बसून करायच्या साधनेत निवड शेवटी दोनच जागांमध्ये येते. नासाग्र, म्हणजे नाकाचा शेंडा, आणि भ्रूमध्य, म्हणजे दोन भुवयांमधली बेचकी.

मी दोन्ही केल्या आहेत. आधी सव्वा वर्ष भ्रूमध्य, मग नासाग्र, ती अजून चालू आहे.

ग्रंथांवरून निकाल लावायला जाल तर हाती काही लागणार नाही, हे आधीच सांगतो. गीतेच्या पाचव्या अध्यायात नजर भुवयांच्या मध्ये ठेवायला सांगितली आहे आणि लगेच सहाव्यात नाकाच्या अग्रावर. हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, हठप्रदीपिकेत, सिद्धासनाला भ्रूमध्य आहे, तर पद्मासनाला आणि सिंहासनाला नासाग्र. भरीला ‘अग्र’ या शब्दाचाच घोळ. बहुतेक जण त्याचा अर्थ टोक असा घेतात, पण काही जण ‘अग्र म्हणजे सुरुवात’ असं म्हणून नाकाच्या मुळाशी, म्हणजे पुन्हा भुवयांपाशीच येतात. मला स्वतःला हे ओढूनताणून वाटतं. संस्कृत जाणणाऱ्यांशी मात्र वाद घालणार नाही.

आता भ्रूमध्याची बाजू. झोप उडवायला तिच्यासारखं काही नाही. पहाटे साडेपाचला डोळ्यांवर पेंग असताना बुबुळं वर नेली की पाठ आपोआप ताठ होते. पहिले काही आठवडे कपाळात जो हलका दाब जाणवायचा, त्याला मी प्रगती समजत होतो. आम्हाला शिकवणाऱ्या बाईही ‘छान, तिथेच राहा’ म्हणायच्या. राहिलो.

माझं बिनसलं ते एका फोटोमुळे. एके दिवशी बायको चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. ‘सकाळी सकाळी कुणावर एवढा वैतागलायस?’ मी म्हटलं, छे, उलट आज फार शांत वाटतंय. तिने आधीच मोबाइलवर फोटो काढला होता, तो पुढे केला. कपाळावर तीन ठळक आठ्या, भुवया केसांच्या दिशेने निघालेल्या, हनुवटी वर, आणि दातही आवळलेले असावेत. नळ गेल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावणारा माणूस दिसावा तसा मी दिसत होतो.

दुसऱ्या दिवसापासून कपाळावर दोन बोटं ठेवून बसू लागलो. बोटांखाली आठी आली की सैल करायची. पण आठी सोडली की बुबुळंही खाली घसरायची आणि ती वर नेली की भुवया पुन्हा सोबत निघायच्या. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माझ्या कपाळाला ही जोडी काही सोडवता आली नाही. तुमच्या कपाळाला जमेलही. खरा वैताग त्याच्याही पुढचा आहे: भ्रूमध्यावर आपली नजर खरंच आहे का, हे बसल्या बसल्या कळायचा मार्ग नाही. ती जागा डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे ताण म्हणजेच पुरावा असं वाटायला लागतं, आणि ताण वाढवत जायची खोड लागते.

नासाग्राचं तसं नाही. नाक दिसतं. नजर बरोबर बसली की नाकाच्या दोन धूसर कडा दिसतात आणि त्या शेंड्याशी येऊन मिळतात. लक्ष भरकटलं की कडा फाकतात किंवा गायबच होतात. कुणाला विचारायला नको, फोटो काढायला नको. आपण कधी निसटलो ते तिथल्या तिथे कळतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी बाजू बदलली.

तिचेही त्रास आहेतच. पहिले चार दिवस डोळ्यांतून पाणी येतं. जवळचं पाहताना दोन्ही बुबुळं आत वळतात, ते स्नायू दुखतात, आणि उठल्यावर घड्याळाचे काटे क्षणभर पुसट दिसतात. नजरेबरोबर मानही खाली जाते, म्हणून हनुवटी जमिनीला समांतर आहे ना, हे अधूनमधून बघावं लागतं. चाळिशी लागलेल्यांनी शेंडा स्पष्ट दिसायची वाट पाहू नये, तो धूसरच राहणार. घरातली मुलं ‘बाबा तिरळे बसलेत’ म्हणून खिदळणार, त्याची तयारी ठेवा. काचबिंदू, तिरळेपणा किंवा नुकतंच झालेलं डोळ्याचं ऑपरेशन असेल, तर दोन्हींपैकी काहीही सुरू करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

हे त्रास कमी झाले ते शंकराचार्यांच्या भाष्यातल्या एका बारीक खुलाशामुळे. सहाव्या अध्यायातल्या त्या श्लोकावर ते म्हणतात की इथे ‘इव’ (म्हणजे ‘सारखं’) हा न लिहिलेला शब्द मनाने धरायचा, म्हणजे नाकाचा शेंडा पाहिल्या‘सारखं’ करायचं. मन शेंड्यावरच बसवलं तर ते नाकावरच राहील, आत कसं जाईल? ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही असंच चित्र आहे. वरची पापणी ढळते, डोळे अर्धोन्मीलित होतात, दिठी आतल्या बाजूलाच राहून बाहेर पाऊल टाकते आणि नासाग्राशी ठाव घेते. हे वाचल्यावर मी शेंड्याकडे टक लावणं सोडलं. टक लावणं म्हणजे त्राटक, आणि त्यात पाणी येईपर्यंत बघायचंच असतं. ते वेगळं काम आहे. इथे पापण्या अर्ध्या खाली सोडायच्या आणि नजर नाकावरून ओघळू द्यायची. पाणी यायचं थांबलं.

म्हणून नव्याने ठरवणाऱ्याला मी नासाग्र सुचवेन, तेही सुरुवातीला दोन-तीन मिनिटंच, चष्मा काढून. ज्यांची मूळ तक्रारच झोपेची आहे त्यांना कदाचित भ्रूमध्य जास्त मानवेल. अर्ध्या मिटल्या पापण्यांत पेंग लवकर येते, हे खरं आहे. अगदीच अनावर झालं तर मीही दोनेक मिनिटं वर जाऊन येतो, आठ्यांसकट. चहा यायच्या आत परत नाकावर.