पाहुण्याचा ग्रंथ की बापाचा उपदेश?

तेराव्या शतकातल्या जर्मन सरदारपुत्राला वळण लावणाऱ्या या दोन काव्यरचना.

‘डेर वेल्शे गास्ट’, म्हणजे ‘इटलीकडचा पाहुणा’, थोमासीन फॉन त्सेर्क्लेरे या ईशान्य इटलीतल्या फ्रिउली प्रांतातल्या धर्मपंडिताने 1215-16मध्ये लिहिली. मातृभाषा जर्मन नाही, म्हणून तो आधीच माफी मागतो आणि मग सुमारे 14,700 ओळी लिहितो! स्थैर्य, संयम, न्याय, औदार्य असे सद्गुण तो शिक्षकी थाटात समजावतो. मध्येच पंक्तीतले शिष्टाचार येतात: पहिला पदार्थ वाढून येण्याआधी पाव खायचा नाही, तोंडात घास असताना प्यायचं-बोलायचं नाही. हा भाग फार जिवंत आहे. बाकी ठिकाणी दम लागतो.

‘विन्सबेके’ त्याच सुमाराची, पण आटोपशीर: दहा-दहा ओळींची कडवी, आणि बाप मुलाशी बोलतोय. देवाला विसरू नकोस, स्त्रियांचा मान राख, ढालीला बट्टा लावू नकोस. पुढे कुणीतरी जोडलेल्या भागात मुलगाच बापाला संसार सोडून गरिबांसाठी धर्मशाळा बांधायला सांगतो. ही उलटी गंगा मला मूळ उपदेशाहून रंजक वाटते.

दरबार कसा चालायचा हे पाहायचं तर थोमासीन. हाती एकच संध्याकाळ असेल तर ‘विन्सबेके’.