मांडवी कुठून पाहावी: किल्ल्यावरून, बोटीतून की फेरीतून?

लंडनला थेम्सकाठी १३५ मीटर उंच पाळणा आहे. त्यात बसलं की अर्ध्या तासात नदी आणि शहर दोन्ही बघून होतं. ‘पणजीत तसं मांडवीकाठी कुठे जायचं गं?’ दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून आलेल्या माझ्या मावसबहिणीने विचारलं. सोबत तिच्या सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा, आणि हाताशी एकच संध्याकाळ. तुमचीही गत अशीच असेल तर पुढचं उपयोगी पडेल.

उंचावरून नदी पाहायची असेल तर माझं मत रेइश मागूशच्या किल्ल्याला. पूल ओलांडून बेती, वेरे करत पुढे गेलं की उत्तर काठावरच्या टेकडीवर हा जांभ्या चिऱ्याचा किल्ला लागतो. खाली पांढरं चर्च, समोर थेट पणजीच्या कांपाल भागाचा काठ. पोर्तुगीजांनी १५५१ मध्ये नेमकी हीच जागा का धरली, ते तटावर उभं राहिलं की कळतं. उजवीकडे मिरामार, काबो आणि पलीकडे उघडा समुद्र; डावीकडे पणजी. समुद्रातून नदीत शिरणारं प्रत्येक जहाज इथल्या तोफांसमोरूनच जाणार. १७३९ मध्ये मराठी फौजा बार्देशात, म्हणजे याच उत्तर काठावरच्या तालुक्यात घुसल्या, तेव्हाही हा किल्ला आणि आग्वादचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून गेले नाहीत. पुढे इथे तुरुंग झाला, तो १९९३ पर्यंत होता. दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये किल्ला सगळ्यांसाठी खुला झाला. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रंही आत लावली आहेत. मुलांना ती फार आवडतात.

जायचं ते दुपारी चारच्या सुमारास. तेव्हा ऊन पश्चिमेकडून पणजीवर पडतं आणि समोरचं घर न् घर उजळतं. सकाळी तेच ऊन तुमच्या डोळ्यांत येतं. मात्र किल्ला लवकर बंद होतो, सूर्यास्त काही इथून मिळत नाही. आणि चढण आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती अर्ध्यावर सोडावी लागेल.

सूर्यास्त हवा असेल तर पणजीतल्या सांता मोनिका जेटीवरून सुटणारी संध्याकाळची बोट. तासाभराची सहल, बसायला खुर्च्या, वर देखणी, फुगडी, कोरिदिन्यो हे गोव्यातले नाच. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी खूश होतात. पण मला एक गोष्ट खटकते. नाच सुरू झाला की सगळ्या खुर्च्या मंचाकडे वळतात आणि नदी पाठीमागे राहते. स्पीकरचा आवाजही मोठा असतो. गेलातच तर कठड्याजवळची जागा पकडा.

आणि तिसरी, जी पाहुण्यांना कुणी सांगत नाही: पणजी–बेती फेरीबोट. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पाच-सात मिनिटांचा प्रवास, पण पाणी अगदी हाताशी. लोखंडी फळी धक्क्याच्या काँक्रीटवर खरखरत टेकते, स्कूटरवाले आधीच इंजिन सुरू करून बसलेले असतात, पायाखालचा पत्रा थरथरतो, डिझेल आणि खारट पाण्याचा मिळून एक वास येतो. वरच्या अंगाला मांडवीचे पूल दिसतात. १९८६ च्या जुलैत इथला पूल कोसळला, तेव्हा याच फेऱ्यांनी माणसं पलीकडे नेली. आमच्या पिढीला त्या रांगा अजून आठवतात. फेरीत बसायला धड जागा नसते, हे मात्र आधीच सांगून ठेवा.

एकच निवडायचं तर धडधाकट माणसाने किल्ला घ्यावा. चढवत नसेल आणि लेकरांना गाणं-नाच हवा असेल, तर बोट. आम्ही मात्र दोन जोडले. चारला किल्ल्यावर गेलो. सासूबाई खाली चर्चपाशी सावलीत बसल्या. मग गाडी पुलावरून पुढे पाठवली आणि आम्ही बेतीहून दिवे लागायच्या वेळी फेरी पकडली. समोर पणजीच्या काठावर एकेक दिवा लागत होता आणि कॅसिनोच्या बोटींचे रंग पाण्यात लांबत होते. सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या, चष्म्यावर पाण्याचे बारीक थेंब. फेरी पणजीला लागली, फळी पडली, सगळे उतरले. त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आणखी एकदा.’ मग आम्हीही थांबलो आणि त्याच फेरीने परत बेतीला गेलो.