थरांची चॉकलेट वडी की शेंगदाण्याची?

लातूरला घरी यंदा दोन्ही केल्या. एक ओव्हनमधली: खाली बिस्किटांचा चुरा नि लोणी, त्यावर चॉकलेट, सुकं खोबरं, पिकान (अक्रोडासारखा सुकामेवा) आणि सगळ्यावर ओतलेलं कंडेन्स्ड मिल्क. दुसरी आपली, शेंगदाण्याचा कूट, तीळ नि गूळ एकत्र करून थापलेली.

थरांची वडी खरंच सुंदर लागते, तळ कुरकुरीत, मधला थर दाट. पण तिच्यात गोड तीनदा येतं: बिस्किटात, चॉकलेटमध्ये, दुधात. १०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये साधारण ५४ ग्रॅम साखर! १०० ग्रॅम पिकानमध्ये सुमारे ६९० कॅलरी, ७२ ग्रॅम चरबी, प्रथिनं जेमतेम ९ ग्रॅम. ही चरबी बरीचशी असंतृप्त, म्हणजे चांगली. खोबऱ्यातली मात्र बहुतेक संतृप्त. तेवढ्याच शेंगदाण्यात प्रथिनं २५ ग्रॅमच्या आसपास, शिवाय तिळातलं कॅल्शियम. गूळ हीसुद्धा साखरच, तिथं सूट नाही.

पिकान मूळचा उत्तर अमेरिकेतला, इकडं महागच पडतो. पुढच्या वेळी अक्रोड घालीन. पाहुण्यांसाठी थरांची वडी, तीही दोन बोटांएवढी. शाळेच्या डब्यात मात्र मी शेंगदाण्याचीच देते. लेकरं दुपारपर्यंत भुकेजत नाहीत.