सायनोची पावडर: नऊ महिन्यांनंतर

समुद्री मत्स्यटाकीत वाळूवर पसरणारा सायनो हा लाल थर मारायची पावडर टाकल्यावर चौथ्या दिवशी हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे दिले असते. वाळू अशी पांढरी झाली होती की टँक कालच लावलाय असं वाटावं. आता नऊ महिने उलटलेत, पावडर दोनदा वापरून झालीय, आणि मी तीन तारे देतोय.

आधी टँकबद्दल. संप (खालची फिल्टरची टाकी) धरून प्रत्यक्ष पाणी साधारण २०० लिटर. कोरडे खडक घेऊन सुरू केलेला, सायनो आला तेव्हा चौदा महिन्यांचा. बहुतेक मऊ कोरल, थोडे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण कोरल), दोन क्लाउनफिश, एक रास मासा आणि गोगलगायी. एके दिवशी डाव्या कोपऱ्यात वाळूवर गडद लाल पापुद्रा दिसला, त्यात अडकलेले बारीक बुडबुडे. सकाळी दिवे लागायच्या आधी फिकट, दुपारपर्यंत मखमलीसारखा जाड. टर्की बेस्टरने (रबरी फुग्याच्या पिचकारीने) फुंकलं की आख्खा तुकडाच उचलला जाई. तीन आठवड्यांत तो झोआंच्या (फुलांसारख्या मऊ कोरलच्या) देठांवर चढला.

याला आपण सर्रास लाल शेवाळ म्हणतो, पण हे शेवाळ नाही, प्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. ज्यांनी ग्रहाची हवा बदलली त्यांना मी काचेच्या पेटीतून हाकलायला निघालो होतो!

आमंत्रण मात्र माझंच होतं. नायट्रेट २५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) झालं म्हणून ते खाणारे जिवाणू वाढावेत यासाठी रोज व्हिनेगर द्यायला लागलो. सहा आठवड्यांत टेस्ट किटमधलं पाणी रंगहीन. शून्य! केवढा अभिमान वाटला. फॉस्फेट ०.१२ वर अडकलंय आणि कोरल फिकट पडतायत, हे दिसत होतं पण डोक्यात शिरत नव्हतं. व्हिनेगरवर वाढणाऱ्या जिवाणूंना फॉस्फेटपेक्षा नायट्रेट कितीतरी जास्त लागतं, त्यामुळे नायट्रेट आधी संपतं. मग कोरल, हिरवं शेवाळ, कोरलाइन (खडकांवरचं जांभळट, कडक शेवाळ) असे बाकीचे सगळे उपाशी राहतात. सायनोच्या काही जाती मात्र पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू स्वतःच वापरात आणतात. समुद्री प्लवकांतलं नायट्रोजन ते फॉस्फरस, म्हणजे रेडफिल्डचं १६:१ हे अणूंचं गुणोत्तर आपल्या किटवरच्या आकड्यांत नायट्रेट ते फॉस्फेट साधारण १०:१ होतं. ते काटेकोर पाळायच्या मागे लागू नये असं माझं मत आहे, पण एक बाजू शून्य असली तर गुणोत्तर उरतंच कुठे?

मी काय केलं? माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. रोग रेड्याला, औषध पखालीला. मग तीन दिवस टँक झाकून अंधार केला. पापुद्रा बराच विरळ झाला आणि बाराव्या दिवशी पुन्हा होता तिथे.

मग पावडर. माप काढताना टँकच्या लांबी-रुंदीवर जाऊ नका, खडक आणि वाळूची जागा वजा करून खरं पाणी धरा. कार्बन (पाणी गाळणारा कोळसा) काढायचा, यूव्ही दिवा बंद करायचा, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप काढून तो नुसता हवेसाठी चालू ठेवायचा, शिवाय एअर स्टोन लावायचा. मी शहाणपणा करून स्किमर पूर्ण बंद केला. एअर स्टोन होता, पण जुना, जेमतेम बुडबुडे सोडणारा. दुसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत होते. वेव्हमेकरचं (प्रवाह सोडणाऱ्या पंपाचं) तोंड वर वळवलं, स्किमर सुरू केला, अर्ध्या तासात मासे सावरले. यात पावडरीचा दोष नाही. मरणारा सायनो कुजताना ऑक्सिजन खातो आणि मी आधी पापुद्रा सायफनने काढलाच नव्हता. त्याच कारणाने फॉस्फेटही ०.१८ वर गेलं.

४८ तासांनी मात्र काम चोख. एकही लाल धागा नाही. अमोनिया रोज तपासला, शून्यच राहिला. झोआ दोन दिवस मिटून होते, मग उघडले. २० टक्के पाणी बदललं, नवा कार्बन टाकला. स्किमरचं काय सांगावं! कप लावला की दहा मिनिटांत फेस काठोकाठ. चार दिवस कप बाहेरच ठेवावा लागला.

पाच आठवड्यांनी ये रे माझ्या मागल्या. तोच कोपरा, त्याच दोन खडकांमधली पाणी न फिरणारी खाच. या वेळी आधी सायफन केलं, स्किमर चालू ठेवला, एअर स्टोन नवा आणला. पुन्हा स्वच्छ. आणि दोन आठवड्यांत वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे धागे, टोकाला बुडबुडा, रात्री गायब. थोडं पाणी कपात घेऊन जोरात हलवलं, गाळण कागदातून गाळलं आणि उजेडात ठेवलं. तासाभरात धागे पुन्हा एकत्र जमले. सायनो असा जमत नाही. हे डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे डायनो नावाचे एकपेशीय जीव होते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. एक तारा इथे कापलाय. पावडर जागा रिकामी करते, ती कोण भरणार हे तिच्या हातात नाही. नायट्रेट शून्य असताना ती पुन्हा कधीच टाकणार नाही, आणि ही सूचना पाकिटावर असायला हवी होती. दुसरा तारा पाकिटावर घटकच लिहिलेले नाहीत म्हणून. सायनोवर एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही वापरलं जातं. माझ्या पावडरीत ते आहे की नाही हे मला कळायला नको?

यानंतर व्हिनेगर बंद केलं आणि उलट नायट्रेट घालायला लागलो. ज्यासाठी सहा आठवडे घालवले तेच आता विकत आणून ओतायचं! १३७ ग्रॅम शुद्ध सोडियम नायट्रेट आरओडीआय (गाळून क्षारमुक्त केलेल्या) पाण्यात विरघळवून द्रावण १ लिटर केलं. त्याच्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम नायट्रेट येतं, म्हणजे २०० लिटरला २ मिलीने १ पीपीएम वाढतं. रोज सकाळी ४ मिली. पहिले दहा दिवस संध्याकाळी किट पुन्हा शून्य दाखवी. टँक किती भुकेला होता ते तेव्हा कळलं. मग आकडा ३ वर टिकला, पुढे ५ ते ८ मध्ये स्थिरावला. गंमत म्हणजे जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) न वापरता फॉस्फेट आपोआप ०.०५ वर उतरलं, कारण ते वापरणारे आता वाढत होते. काचेवर हिरवा थर आला तेव्हा मी चक्क खूश झालो. डायनो महिन्याभरात विरले. झोआंचा रंग परतायला आणखी दोन महिने लागले.

त्याच काळात वेव्हमेकर मागच्या काचेवरून बाजूला हलवून प्रवाह थेट त्या खाचेत सोडला. दर पाणी बदलण्याआधी बेस्टरने खडक फुंकून उडालेली घाण फिल्टर सॉकमध्ये पकडतो. पाणी क्षारमुक्त करणारं डीआय रेझिन संपत आलं होतं, बदललं, टीडीएस (विरघळलेले क्षार) पुन्हा शून्य. दिव्यांचे रंगही कमी-जास्त करून पाहिले, त्याने काही फरक जाणवला नाही.

तरीही पावडर निरुपयोगी म्हणणार नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही मोजता येण्याइतकं असेल, प्रवाह बरा असेल आणि तरी सायनो कोरल गुदमरवत असेल, तर एकदा जरूर वापरा. त्यासाठीच तीन तारे. माझ्याकडच्या पाकिटात अजून थोडी उरलीय, सात महिन्यांत उघडावी लागली नाही.

डाव्या कोपऱ्यात नखाएवढा लाल ठिपका अजून येतो-जातो. गोगलगायी त्याला वळसा घालून पुढे जातात. मीही.